फुटाच्या भावाने हरळी

लॉन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पाय पसरून बसलेली मंडळी, हातात कॉफीचा मग, शेजारी लोळणारा लॅब्रॅडॉर... बरोबर ना? आता हाच प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात विचारून बघा. समोरून प्रतिप्रश्न येईल, ‘कोणाचं लग्न आहे?’ आमच्या विदर्भात लॉन म्हणजे मंगल कार्यालयाचा मोठा भाऊ! हायवेच्या कडेला दोन-तीन एकर जागा, गेटवर प्लास्टरचे दोन हत्ती, आत स्टेज, बाजूला जेवणाचा मांडव आणि बोर्डवर कुणाच्या तरी नावापुढे ‘लॉन’. पत्रिकेतही तसंच छापतात. प्रत्यक्षात पायाखाली बऱ्याचदा हिरवी मॅट अंथरलेली असते. खरं गवत असलंच तर स्टेजसमोर फोटोत येईल तेवढं.

त्यामुळे वाशीत भाड्याचं घर बघायला गेले आणि घरमालकीण काकू म्हणाल्या, ‘पुढे लॉन आहे हं, त्याची काळजी घ्यावी लागेल,’ तेव्हा मला आधी बँडबाजाच ऐकू आला. लॉन ‘आहे’ म्हणजे होतं. सिडकोचं जुनं रो-हाऊस, पुढे जेमतेम २२० चौरस फूट जागा, कोपऱ्यात बदामाचं झाड. काकूंनी माझ्या आधी दोनदा कंत्राटदार लावून तिथे लॉन करून घेतलं होतं. दोन्ही वेळा मे महिन्यात जाहिरातीतल्यासारखं हिरवंगार, ऑगस्टमध्ये पिवळं आणि दिवाळीला नुसता चिखल वाळून झालेली ढेकळं. कंत्राटदाराचं निदान काय, तर ‘मुंबईचं दमट हवामान लॉनला सूट होत नाही, मॅडम.’ आणि लगेच तिसऱ्या वेळेचं कोटेशन!

हे काही मला पटेना. मुंबईत गवत होत नाही? मग १९३३च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली क्रिकेट टेस्ट झाली ती कशावर? ओव्हल, आझाद मैदान, मरिन ड्राइव्हवरची जिमखान्यांची रांग... समुद्राचा खारा वारा खात ही मैदानं शंभराहून जास्त वर्षं उभी आहेत. तेव्हा गवत होतं की नाही हा प्रश्नच नव्हे. कुठलं गवत, हा प्रश्न.

गवताच्या दुनियेत सरळ दोन पार्ट्या आहेत. एक थंड हवेची, एक गरम हवेची. सिनेमात, कॅलेंडरवर, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बियांच्या पाकिटावर जे पोपटी, मऊ लुसलुशीत लॉन दिसतं ती बहुधा थंड पार्टी. रायग्रास, फेस्क्यू वगैरे. इंग्लंडचं लॉन म्हणजे हेच. १८३०मध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने गवत कापायचं पहिलं मशीन काढलं, तेही इंग्लंडातल्या कापडगिरणीत कापडावरची लव कातरायच्या यंत्रावरून. तिथे पाऊस भुरभुर पडतो, ऊन बेताचं, गवत गालिच्यासारखं पसरतं. हे बी वाशीत टाकलं तर उगवतं सुद्धा. पण एप्रिल-मेचा घाम बघून ते राजीनामा देतं. ‘इम्पोर्टेड’ लिहिलेलं पाकीट उचलण्याआधी मागे कुठल्या गवताचं नाव आहे ते वाचा, एवढंच सांगते.

गरम पार्टीला मात्र सत्तावीस ते पस्तीस डिग्री म्हणजे एसी लावल्यासारखं वाटतं. मुंबईचं हवामान त्यांच्यासाठीच बनवलेलं आहे म्हणा ना! नर्सरीत ही मंडळी भलत्याच नावांनी भेटतात. ‘मेक्सिकन’, ‘कोरियन’ म्हणून जी दाट, सुईसारख्या पात्यांची लाद्यांची लाद्या विकतात, ती बऱ्याचदा झोयसिया जातीची असतात, आणि झोयसिया मुळात आपल्या आशियाचीच. मेक्सिकोचा संबंध नावापुरता. सावलीत टिकायचं तर रुंद पात्याचं कार्पेट ग्रास. अगदी समुद्राला चिकटून, खाऱ्या पाण्यावर वाढवायचं तर सीशोअर पास्पालम. जगभरच्या समुद्रकाठच्या गोल्फ कोर्सवर ते लावतात. आणि खेळाच्या मैदानाला, मुलांनी धुडगूस घालायच्या जागेला, भरपूर ऊन असलेल्या अंगणाला? बर्म्युडा. नर्सरीवाला त्याचंच ‘सिलेक्शन नंबर वन’ दाखवतो.

मी ती लादी हातात घेतली, उलटी केली, मुळं बघितली, पेरं बघितली. म्हटलं, हिला कुठेतरी बघितलंय. बघितलंय काय, हिच्याशी आमचं तीन पिढ्यांचं वैर आहे! बर्म्युडाचं शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, त्यातल्या सायनोडॉनचा अर्थ कुत्र्याचा दात. आणि मराठी नाव? दूर्वा. गणपतीला वाहतात तीच. शेतात उगवली की तिचं नाव बदलतं. हरळी.

महागावकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला हरळीबद्दल विचारा आणि मग शांतपणे शिव्या ऐका. ती धुऱ्यावर बसून राहते आणि संधी मिळाली की पऱ्हाटीच्या ओळीत शिरते. वखराने तोडली तर मरत नाही, उलट जेवढे तुकडे तेवढ्या नव्या हरळ्या. काळ्या मातीत तिची मुळं अशी काही रुततात की भर उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या तरी ही खाली जिवंत. पहिल्या पावसाला पुन्हा हजर. माझी आई आणि निंदणाला येणाऱ्या बाया वर्षानुवर्षं खुरपं घेऊन हिच्यामागे वाकून चालत आल्यात. माझी मासकॉमची फी ज्या कापसातून भरली त्या कापसाच्या हिशेबात निंदणाचा खर्च हा एक जाडजूड आकडा असायचा. आणि इथे वाशीत हिचं चौरस फुटाच्या भावाने बिल होतं. जीएसटीसकट.

बाबा फेब्रुवारीच्या शेवटी आले. कापूस वेचून झाला होता, तूर काढून झाली होती, आणि उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आता पुढे ढकलता येत नव्हतं. नांदेडपर्यंत एसटी, पुढे रेल्वे, असा प्रवास करून आलेला माणूस अंगणात ठेवलेल्या लाद्यांकडे बघत उभा राहिला.

‘हे काय होय?’

‘लॉन.’

त्यांनी वाकून एक काडी ओढली, बोटावर फिरवली. ‘हरळी होय माय हे. इकत घेतली?’

‘हो.’

‘पैशे देऊन?’

मी भाव सांगितला. त्यांनी मनातल्या मनात एकराचा गुणाकार केला असावा, कारण पुढचे दोन मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आपल्या धुऱ्यावर करोडपती बसले म्हणायचे.’

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी काही आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही, असं बजावलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच बाबांना मातीत हात घालायला बंदी! मग ते काळा गॉगल लावून व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि मी खाली घमेलं घेऊन. मी घरूनच काम करते, त्यामुळे सकाळचे दोन तास लॉनचे, मग डेडलाइन. हरळी मारायची कशी हे ज्याला माहीत आहे त्यालाच ती जगवायची कशी हेही बरोबर माहीत असतं. फक्त सगळं उलटं करायचं, बॉस!

पहिली ऑर्डर सुटली खड्ड्याची. फूटभर खोल खड्डा खण, त्यात दोन बादल्या पाणी ओत आणि चहा पी. चहा झाला, जेवण झालं, पाणी तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी चिखल. कारण खाली माती नव्हतीच. वाशीचा बराचसा भाग खाडीकाठी भराव घालून उभा राहिलाय, आणि आमच्या अंगणात त्यावर भर म्हणून फुटक्या टाइल्स, विटांचे तुकडे, प्लास्टरचे गठ्ठे. दोन्ही वेळच्या कंत्राटात या ढिगावर दोन इंच लाल माती पसरून वर लादी चिकटवली होती. केक म्हणून आइसिंगच विकल्यासारखं. मे महिन्यात ते छान दिसणारच. जुलैत पाणी खाली जाईना, मुळं कुजली, वर बुरशी. हवामान बिचारं उगाच बदनाम.

नऊ इंच खणून ते सगळं बाहेर काढलं (एक मजूर घेतला, माझ्याच्याने शक्य नव्हतं). मग लाल माती, रेती आणि नीट कुजलेलं शेणखत. रेती नदीची बघून घ्या. खाडीची असली तर मीठ फुकट मिळतं. काळ्या मातीत वाढलेल्या बाबांना रेती घालणं म्हणजे पाप वाटत होतं. आमच्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून ती सोनं. समुद्राकाठी लॉनला नेमकी उलटी माती लागते, पाणी सोडणारी. आणि उतार. घराच्या भिंतीपासून गेटकडे दर दहा फुटाला दोन इंच. डोळ्याला जेमतेम कळतो, पाण्याला बरोबर कळतो. लाद्या कमी पडल्या तिथे बाबांनी हरळीच्या दांड्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करायला लावले आणि चार-चार बोटांवर तिरपे खोचून घेतले. ‘वखर करतो थेच काम हाय हे, तू कैचीनं करून राह्यली,’ ते म्हणाले. लाद्यांपेक्षा हे तुकडेच नंतर जास्त जोमाने पसरले. बदामाच्या सावलीत मात्र बर्म्युडा लावायचा हट्ट आम्ही धरला नाही. हिला दिवसाचं सहा तास तरी थेट ऊन लागतं. तिथे चार शहाबादी फरश्या आणि एक कुंडी. विषय संपला.

सगळ्यात मोठा वाद झाला पाण्यावर. बाबांचा हिशेब यवतमाळचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, हवा कोरडी ठाक, दोरीवरचा टॉवेल दहा मिनिटांत पापडासारखा कडक. तिथे पिकाला पाणी द्यायचं तर संध्याकाळी, म्हणजे रात्रभर मुरेल. वाशीत बाबांचा टॉवेल दोन दिवस झाले तरी वाळेना. ते रोज सकाळी तो चाचपून बघायचे आणि हैराण व्हायचे. ‘इथं काही वाळतच नाई काय?’ तिथेच मला लॉनचं सगळं शास्त्र सांगायला सापडलं. गवताचं पातंही टॉवेलच आहे. इथे संध्याकाळी पाणी घातलं तर ते रात्रभर ओलं राहतं, आणि गरम, ओली, वारा नसलेली रात्र म्हणजे बुरशीची लग्नसराई! म्हणून पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर. वर ऊन आलं की पातं वाळतं, मुळं ओली राहतात. रोज शिंपडायचं नाही. आठवड्यातून दोन-तीनदाच, पण खाली चार-पाच इंच मुरेल असं. रोजच्या शिंतोड्यांनी मुळं वरवरच राहतात आणि लॉन लाडावतं. पाणी कधी हवंय ते गवतच सांगतं. त्यावरून चालून बघा. पावलाचा ठसा लगेच उठला तर ठीक, तसाच दबून राहिला तर तहान लागलीय.

हे बाबांनी मान्य केलं, पण त्याबदल्यात युरियावर त्यांचं चाललं. शेजारच्या सोसायटीचा माळी दर पंधरवड्याला मूठभर युरिया फेकतो आणि त्याचं लॉन दोन दिवसांत काळंशार होतं. मलाही मोह झाला होता. बाबा खुर्चीवरूनच म्हणाले, ‘युरियानं पऱ्हाटीबी अशीच काळीभोर दिसते. गावभर लोक पाहाले येतात. मंग मावा येतो, तुडतुडा येतो.’ लॉनचंही सेम. नत्र जास्त झालं की पातं लुसलुशीत होतं आणि दमट हवेत ते बुरशीचं आवडतं जेवण. पावसाच्या तोंडावर तर नकोच नको. आम्ही मार्चमध्ये थोडं कंपोस्ट चाळून पसरलं, एप्रिलअखेर थोडं पोटॅश, आणि बास. आमचं लॉन शेजाऱ्यांच्यापेक्षा दोन शेड फिकं होतं. चालतंय.

जूनच्या सुरुवातीला एका माळीदादांनी ‘पावसाआधी बुरशीचा एक स्प्रे मारून टाकू’ असं सुचवलं. पाठीवर पंप, तोंडाला काही नाही, पायात स्लीपर. मी नको म्हटलं. यामागे काही ऑरगॅनिक फॅशन नाही. २०१७च्या फवारणीच्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. अंगाला चिकटलेलं ओलं शर्ट, डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी, वाऱ्याने उलटा येणारा फवारा... त्या वर्षी आमच्याकडे प्रत्येक घरात संध्याकाळी एकच प्रश्न असायचा, आज कोण फवारायला गेलं होतं आणि तो जेवला का नीट? दोनशे फूट गवतासाठी, शोभेसाठी, एका माणसाने उघड्या तोंडाने पंप मारावा हे मला जमणार नाही. बुरशीचे डाग पडलेच, तर पाणी कमी करा, कापायची उंची थोडी वाढवा, तेवढा भाग सळईने टोचून भोकं पाडा आणि वर बारीक रेती झाडूने लोटा. बहुतेक वेळा काम भागतं.

मुंबईच्या पावसाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लॉनची बोर्डाची परीक्षा तीच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात जवळजवळ वर्षभरात पडतो तेवढा. असा दिवस काही दरवर्षी येत नाही, पण जुलैचे साधे आठ दिवससुद्धा गवताला पुरतात. वाढ सुसाट, ऊन नाही, आणि कापायला जावं तर जमीन ओली. मशीनची चाकं रुततात, पाती तुटण्याऐवजी चिरडतात. मुंबईने यातूनही खेळ काढला. १९४८पासून इथे कांगा लीग आहे, भर पावसाळ्यात खेळायची. डॉ. होरमसजी कांगांच्या नावाची. ओली पिच, आऊटफील्डला गुडघ्याकडे सरकणारं गवत. जमिनीवरून मारलेला चेंडू चार पावलांवर गवतात जाऊन झोपतो, म्हणून धावा हव्या तर मारा हवेत. गावसकर, तेंडुलकर त्याच गवतात खेळून आले. म्हणून मी जुलैत आमच्या २२० फुटांना कांगा लीग म्हणूनच सोडलं. दोन दिवस उघडीप मिळाली की कापायचं, तेही एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. एकदम बुडखा दिसेल असं सफाचट केलं तर गवताला पुन्हा पानं फोडायला साठवलेलं सगळं खर्चावं लागतं, आणि तेवढ्यात नागरमोथा जागा बळकावतो.

नागरमोथा! याच्याबद्दल लिहिलं नाही तर बाबा रागावतील. गवतासारखाच दिसतो, पण पातं चकचकीत, दांडी तिकोनी. बोटांत फिरवा, कळतं. वरून उपटला की आपल्याला वाटतं जिंकलो. खाली काळ्या मण्यांची माळ तशीच असते आणि आठवड्यात चार नवे कोंब. खुरप्याने मण्यासकट काढायचा, पुन्हा आला की पुन्हा काढायचा. दुसरा शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही. हेडफोन लावून पंधरा मिनिटं रोज. थेरपी म्हणा हवं तर, आणि फी शून्य.

बाल्कनीवाल्यांचे दोन मेसेज येणारच, म्हणून आधीच सांगते. ट्रेमधलं लॉन फोटोपुरतं ठीक, दोन महिन्यांत ते थकतं, कारण ऊन आणि खोली दोन्ही कमी. आणि प्लास्टिकचं लॉन दुपारच्या उन्हात इतकं तापतं की अनवाणी उभं राहून दाखवा!

आता त्या कागदाबद्दल. बाबा मोतीबिंदूच्या फाइलसोबत आणखी एक कागद घेऊन आले होते. आमचं दोन एकराचं वावर नागपूर-तुळजापूर हायवेला लागून आहे. रस्ता चौपदरी झाल्यापासून त्याला ‘रोड टच’ असं इंग्रजी नाव पडलंय. एका पार्टीला ते लीजवर हवं होतं. कशासाठी? लॉनसाठी. दहा वर्षांचा करार, वर्षाला जी रक्कम ते देत होते ती दोन एकराच्या कापसातून चांगल्या साली सुद्धा सुटत नाही. पार्टीची एकच अट होती, विहीर लॉनला वापरू द्यायची. त्यांना स्टेजपुढे अर्धा एकर खरं गवत हवं होतं. पुण्या-मुंबईसारखं.

बाबांनी मला विचारलं, ‘तू लॉन करून राह्यली. सांग मले, किती पाणी पिते हे?’

मुंबईत ‘यवतमाळ’ म्हटलं की लोक पुढचा एकच प्रश्न हळू आवाजात विचारतात, आणि मग माझ्याकडे सहानुभूतीने बघतात. त्या बघण्याचा मला कंटाळा आलाय. पण त्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसताना मला एवढं कळत होतं की ही काही लाइफस्टाइलची चर्चा नाही. आईचे गुडघे गेलेत. भाऊ शेती करणार नाही, त्याने सांगून टाकलंय. मी तर इथे. लीज घेतली तर बाबांना दर जूनमध्ये आभाळाकडे बघत बसावं लागणार नाही.

हिशेब सोपा आहे. लॉनला आठवड्याला साधारण एक इंच पाणी धरा. आमच्या २२० फुटांना म्हणजे सुमारे ५०० लिटर, गच्चीवरची एक छोटी काळी टाकी. वाशीला मोरबे धरणाचं पाणी आहे, आणि दमट हवेमुळे उडूनही कमी जातं. तरी आम्ही भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणीच आधी वापरतो. अर्धा एकर म्हणजे याच्या शंभरपट. आठवड्याला ५० हजार लिटर. महागावच्या एप्रिल-मेत, कोरड्या वाऱ्यात, दुप्पट धरा, एक लाख. आणि लग्नं कधी असतात? एप्रिल-मेत! विहीर जेव्हा तासभर पंप चालून खाकरायला लागते नेमकी तेव्हा.

बाबांना मी २०१६च्या एप्रिलची आठवण करून दिली. त्या महिन्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. टीव्हीवर आम्ही सगळ्यांनी बघितली होती. आणि त्याच आठवड्यात आयपीएलच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून मुंबई हायकोर्टाने एप्रिलनंतरच्या मॅचेस महाराष्ट्राबाहेर न्यायचा आदेश दिला. तेव्हा पेपरात ६० लाख लिटरचा आकडा गाजत होता. बाबा बोटं मोजत बसले. लातूरची पहिली गाडी म्हणजे या अर्ध्या एकराचे पाच आठवडे.

‘मंग हे हरळीले पाजायचं?’ ते म्हणाले. ‘जिले मी पन्नास वर्षं उपटली?’

मी म्हटलं, लीज नको म्हणू नका, विहीर नको म्हणा. हिरवी मॅट अंथरा म्हणावं. मला स्वतःला ती मॅट बघवत नाही, पण महागावच्या मे महिन्यात तीच शहाणी आहे. पावसाळ्यात पाण्याशिवाय हरळी आपोआप येईल तेवढी येईल. बाबा मार्चअखेर गावी गेले ते हा निरोप घेऊन. पार्टीने विहिरीचा आग्रह धरला, मग दुसरी बोअर मारू म्हणाले, मग रक्कम कमी केली. हे सगळं फोनवर कळत होतं. मधल्या काळात जूनमध्ये बाबांनी त्या दोन एकरात पुन्हा सरकी लावली. रिकामं कसं ठेवायचं?

इकडे आमचं लॉन पावसाळा काढून उभं आहे. गेटजवळ एक थाळीएवढा चट्टा पडला, तेवढाच. भाद्रपदात आळीतल्या बायका सकाळी सकाळी परडी घेऊन आल्या, ‘घेऊ का गं चार जुड्या?’ मी त्यासाठी पंधरा दिवस कापलंच नव्हतं. काकू स्वतः दादरहून फुलं आणायच्या, दूर्वांसह. या वर्षी त्यांनी एकवीस जुड्या अंगणातून काढल्या आणि व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवल्या. बाबांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाले, ‘चांगली पोसली.’

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. पार्टी बहुधा विहिरीशिवाय तयार होतेय. करार दहाऐवजी पाच वर्षांचा, कापूस वेचून झाल्यावर ताबा. सह्या अजून बाकी आहेत. फक्त त्यांच्या इंटिरियरवाल्याने विचारलंय, स्टेजभोवती दहा बाय दहाचं तरी खरं गवत लावू, तुमची मुलगी मुंबईहून ते सिलेक्शन नंबर वन पाठवेल का?

‘मंग तुम्ही काय म्हणाले?’ मी विचारलं.

‘म्हटलं, धुऱ्यावरून घेऊन जा. फुटाचा भाव पोरीले विचारून सांगतो.’